मराठीत लिहून घर चालवायचं : कामांची मोट कशी बांधायची?

कोरा_कागद
मराठी-इंग्रजी दोन्ही लिहिता येतं, नोकरी करायची नाही, आणि घरात महिन्याला निदान ४० हजार यायला हवेत. उत्पन्नाचे चार मार्ग ठेवा, असं जो तो सांगतो. कोणते चार, कशाला किती वेळ द्यायचा आणि पैसे हातात कधी पडतात, हे मात्र कुणीच सांगत नाही. अनुवाद, दिवाळी अंक, मालिका, ऑडिओ, पुस्तक, शब्दांकन ही नावं कानावर आहेत. यातलं आधी काय धरावं? करार आणि कराबद्दलही लिहा.
'स्वतःचा ब्लॉग काढा' हा सल्ला सोडून काहीही चालेल.

लोणचं
'मराठीत लिहून' आणि 'घर चालवायचं' एकाच वाक्यात! धागा विनोदी लेखनात हलवावा ही संपादकांना विनंती. (कृपया हलके घ्या)

अर्धविराम
लोणचं, तुमचं हसून झालं असेल तर मुद्द्याचं बोलू.

कोरा कागद, कामांची यादी आवडीनुसार करू नका. काम दिल्यापासून पैसे खात्यात यायला किती दिवस लागतात, त्यावर करा. अनुवाद, जाहिरातींची कॉपी, संस्थांचे अहवाल यांचे पैसे १५ ते ४५ दिवसांत येतात. मालिकेचे संवाद भागागणिक ठरतात, पण पैसे बहुधा प्रसारणानंतर ६० ते ९० दिवसांनी. दिवाळी अंकाची कथा जून-जुलैत द्यायची, अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतो, मानधन त्यानंतर, आणि तेही प्रत्येक अंकाकडून येईलच असं नाही. पुस्तकाची रॉयल्टी वर्षातून एकदा.

पुस्तकाचं गणित एकदा मांडून बघा. छापील किंमत ३००, रॉयल्टी १० टक्के, म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. हजाराची आवृत्ती तीन वर्षांत संपली तर वर्षाला १० हजार. तुमचा महिनाभराचा किराणा आणि गॅस. पुस्तक जरूर लिहा, पण त्याला 'उत्पन्नाचा मार्ग' म्हणू नका. पुस्तकामुळे दुसरी कामं मिळतात, तो त्याचा खरा उपयोग.

पहिल्या प्रकारातून महिन्याचा खर्च निघत नाही तोवर बाकीच्यांकडे वळायचं नाही, एवढं पाळा.

वेलांटी
अर्धविरामशी सहमत. अनुवादाबद्दल थोडं सविस्तर.

दर नेहमी मूळ मजकुराच्या शब्दांवर ठरवा. मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते, त्यामुळे इंग्रजीतले हजार शब्द मराठीत साधारण ७५०-८५० होतात. 'झालेल्या शब्दांवर पैसे देऊ' असं एजन्सीने म्हटलं, तर तिथेच पाचवा हिस्सा गेला.

दुसरी गोम ट्रान्सलेशन मेमरीची, म्हणजे आधी झालेल्या अनुवादांच्या साठ्याची. एजन्सी फाइल देते तेव्हा बरोबर विश्लेषण येतं. समजा ५००० शब्दांची फाइल आहे. त्यात १२०० शब्द पुनरावृत्तीचे, त्यांना २० टक्के दर. १५०० शब्द जुन्या अनुवादाशी अर्धेमुर्धे जुळणारे, त्यांना ६० टक्के. उरलेले २३०० नवे, त्यांना पूर्ण दर. म्हणजे २४० + ९०० + २३००, एकूण ३४४० शब्दांचे पैसे. दीड रुपया दर धरला तर ७५०० नाही, ५१६०. होकार देण्याआधी हा तक्ता मागा. आणि ते ६० टक्केवाले शब्द एकदा उघडून बघा. जुना अनुवाद भिकार असेल तर तो दुरुस्त करायला नव्याहून जास्त वेळ जातो. तसं असेल तर पूर्ण दर मागायचा, आणि तो काम सुरू करण्याआधीच मागायचा.

अनुवादाचं सॉफ्टवेअर म्हणून ओमेगाटी फुकट आहे, सुरुवातीला पुरतं. मेमोक्यू किंवा ट्रॅडोस काम टिकल्यावर घ्या.

खोडरबर
हे सगळं पाच वर्षांपूर्वी ठीक होतं. आता एजन्सी यंत्राचा अनुवाद पुढ्यात टाकते आणि 'फक्त तपासा' म्हणत निम्म्याहून कमी दर देते. चार मार्ग, पाच मार्ग हे सगळं थोतांड आहे. एकच विषय धरा, त्यात नाव करा आणि दर चढवा. चार दगडांवर पाय ठेवणारा पाण्यातच पडतो.

वेलांटी
खोडरबर, निम्मं मान्य. सर्वसाधारण मजकूर यंत्राकडे गेला, तो परत येणार नाही. पण चूक झाली तर कुणाला तरी जबाब द्यावा लागतो, तिथे अजून माणूस लागतो आणि त्याच्या सहीचे पैसे मिळतात. औषधांच्या चाचण्यांची संमतीपत्रकं घ्या. सहभागी माणसाला कळणाऱ्या भाषेत ती द्यावीच लागतात आणि नीतिमत्ता समिती ती तपासते. एक जण इंग्रजीवरून मराठी करतो. दुसरा, ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेलंच नाही, तो मराठीवरून परत इंग्रजी करतो. दोन्ही पडताळून अनुवादाचं प्रमाणपत्र निघतं. मूळ मसुद्यात बदल झाला की आवृत्ती क्रमांक आणि तारीख बदलते, अनुवाद पुन्हा, प्रमाणपत्र पुन्हा. म्हणजे एका चाचणीमागे तेच काम तीन-चारदा येऊ शकतं.

इथे काय बिघडतं तेही सांगते. 'प्लासिबो'ला 'छद्मऔषध' लिहिलं की परत येणारं इंग्रजी 'खोटं औषध' होतं आणि समिती अडवते. 'प्लासिबो (औषधासारखंच दिसणारं, पण त्यात औषध नसलेलं)' असं लिहायचं. 'रँडमायझेशन'ला 'यादृच्छिकीकरण' लिहिलं तर ते अहमदनगरच्या शेतकऱ्यालाच काय, मलाही कळत नाही. 'तुम्ही कोणत्या गटात जाल हे नाणं उडवल्यासारखं ठरेल' हे कळतं, आणि उलटून येतानाही टिकतं. तळटिपेतला आवृत्ती क्रमांक मराठी प्रतीत जुनाच राहणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. अख्खं काम बरोबर असून तेवढ्यावरून परत येतं.

लोणचं
'अहिल्यानगर' म्हणा ताई, नाहीतर धागा भलतीकडे जाईल.

वेलांटी
अहिल्यानगर. आता जाऊ द्या.

सातबारा
अशाच जबाबदारीच्या कामांत आणखी एक. बँक थकलेल्या कर्जापोटी सरफेसी कायद्याखाली मालमत्तेचा ताबा घेते, तेव्हा सात दिवसांच्या आत ताबा सूचना दोन वृत्तपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. मजकूर ठरीव असतो, पण गट क्रमांक, चतुःसीमा, क्षेत्रफळ, रकमेचे आकडे दर वेळी नवे. ईस्ट-वेस्टची अदलाबदल झाली की सूचना वादात सापडते. हे काम बहुतेक वेळा जाहिरात एजन्सीमार्फत जातं. संध्याकाळी पाचला येतं, आठला हवं असतं. दर शब्दावर नको, सूचनेमागे ठरवा, आणि तातडीचा वेगळा.

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर इथल्या कारखान्यांत यंत्रांच्या सुरक्षा सूचना मराठीत लागतात. ते काम एजन्सीपेक्षा थेट सुरक्षा अधिकाऱ्याकडून घेतलं तर दर दुप्पट मिळू शकतो. फक्त 'टॉर्क'ला 'आघूर्ण' लिहू नका. फिटर टॉर्कच म्हणतो.

शाईवाला
सगळे अनुवादात अडकलात. आपल्याकडचं सगळ्यात दुर्लक्षित गिऱ्हाईक म्हणजे सहकार. पतसंस्था, नागरी बँका, दूध संघ, साखर कारखाने. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा व्हावी लागते, आणि सभेची नोटीस १४ दिवस आधी जाते. म्हणजे छापील अहवाल ऑगस्टअखेर हातात हवा. त्यासाठी मजकूर जुलैत पक्का व्हायला हवा. अध्यक्षांचं मनोगत, संचालक मंडळाचा अहवाल, श्रद्धांजली, ठराव, पोटनियम दुरुस्तीचे तक्ते असतात त्यात. बहुतेक ठिकाणी हे लिहितो तिथला हिशेबनीस, आणि गेल्या वर्षीचाच अहवाल आकडे बदलून छापतो. मे महिन्यात व्यवस्थापकाला गाठा, गेल्या वर्षीच्या अहवालाची दोन पानं स्वतः सुधारून दाखवा. लेखन, मुद्रितशोधन आणि छापखान्याशी समन्वय असा एकत्र दर सांगा. एकदा बसलं की दर वर्षी तेच काम.

त्याच माणसांकडून पुढे रौप्यमहोत्सवी स्मरणिका आणि संस्थापकांचं चरित्र येतं. शब्दांकनाचं काम म्हणजे तेच. त्याचे हप्ते टप्प्यांवर बांधा. करार होताना ३० टक्के, कच्चा मसुदा दिल्यावर ३०, अंतिम मसुद्यावर ३०, उरलेले १० छपाईला फाइल देण्याआधी. प्रकाशन समारंभानंतर १० टक्के मागायला गेलात तर हार आणि नारळ मिळतो.

कोरा_कागद
शाईवाले काका, हे नवीनच कळलं. चरित्राच्या कामाचा अंदाज कसा बांधायचा?

शाईवाला
ध्वनिमुद्रणाच्या तासांवर. २०० पानी पुस्तक म्हणजे अंदाजे ५० हजार शब्द. त्यासाठी २०-२५ तासांच्या मुलाखती लागतात. एका तासाचं बोलणं हाताने उतरवायला चार-पाच तास. यंत्राने उतरवलं तर वेळ वाचतो, पण गावांची आणि माणसांची नावं सगळी चुकलेली असतात. ती यादी पहिल्या मुलाखतीतच त्यांच्या हाताने लिहून घ्या.

करारात तीन गोष्टी हव्यातच. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, तिसरीला वेगळे पैसे. मंजुरी देणारी व्यक्ती एकच, नावानिशी. आणि मजकुराच्या खरेखोटेपणाची जबाबदारी त्यांची. दुसरी गोष्ट सोडली तर काय होतं? दादासाहेब मसुद्यावर सही करतात, मग धाकटी सून म्हणते आमच्या माहेरचा उल्लेख कुठेय, मग पुतण्या म्हणतो १९७८ च्या निवडणुकीचं प्रकरण काढा. काम सहा महिने लटकतं आणि तुमचा तिसरा हप्ता त्याच्याबरोबर.

खोडरबर
हे मात्र पटलं. माझाही मुद्दा तोच, एक पेठ पकडा.

अर्धविराम
पण खोडरबर, सहकाराचं काम मे ते सप्टेंबर. ऑक्टोबर ते एप्रिल खाणार काय? हंगामी कामाला जोड लागतेच. चार दगड नको म्हणता, दोन तरी हवेत.

टिंगूमास्तर
अवांतर, पण मराठीतल्या लेखकाला यानेच सगळ्यात जास्त छळलंय. छापखान्यात फाइल दिली की काय होतं ते आधी जाणून घ्या. आपण युनिकोडमध्ये लिहितो, बरेच छापखाने अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांवर आहेत. परिवर्तक चालवला की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, 'ऱ्या' तुटतो, 'ॲ'च्या जागी चौकोन येतो. आणि इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड टाकलं पण त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोजर ही सोय चालू केली नाही, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात.

उपाय असा. पहिल्याच दिवशी एका ओळीची चाचणी फाइल पाठवा : 'सुऱ्या, दर्प, ॲप, ऑफिस, क्लृप्ती, शृंगार, दुष्ट्या, ङ, ञ'. ती बरोबर छापून आली तरच पुढचं पाठवा. परिवर्तनानंतरचं मुद्रितशोधन हे स्वतंत्र काम आहे, फुकट करू नका. पानामागे दर लावा.

सातबारा
'दुष्ट्या' 😂 पण यादी जपून ठेवली.

वेलांटी
मास्तर, वाचनखूण साठवली. यात 'कॄ' नाही आणि 'ज्ञ' नाही, भर घाला.

न्यूजर्सीकर
परदेशातल्या मराठी लोकांमुळे उभं राहिलेलं एक काम सांगतो. अमेरिकेच्या इमिग्रेशनला परभाषेतल्या प्रत्येक कागदाचा पूर्ण इंग्रजी अनुवाद लागतो. सोबत अनुवादकाचं प्रमाणपत्र, की अनुवाद पूर्ण व अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात. अनुवादक सरकारमान्यच हवा अशी अट तिथे नाही. (ऑस्ट्रेलियाचं वेगळं आहे, अनुवाद ऑस्ट्रेलियातच करून घेतला तर अनुवादकाला 'नाटी' या तिथल्या संस्थेची मान्यता लागते. आधी देश विचारा.) जन्मदाखला, विवाह नोंदणी, शाळा सोडल्याचा दाखला, कधी सातबारा.

शब्दांवर नको, पानावर दर ठेवा. दाखल्यात शब्द ८० असतात आणि डोकेदुखी ८०० ची. शिक्के, सही, मागच्या पानावरची नोंद, सगळं उतरवायचं : 'गोल शिक्का : ग्रामपंचायत अमुक', 'सही अवाच्य'. काही गाळलं तर अनुवाद पूर्ण राहत नाही. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे मागून घ्या. पण दाखल्यावरच वेगळं नाव असेल, म्हणजे पासपोर्टवर 'सुनीता' आणि दाखल्यावर 'बेबी', तर 'बेबी'च लिहायचं. ते सुधारणं आपलं काम नाही. गिऱ्हाईक गळ घालतं, तिथे ठाम राहा.

पैसे आधी. हे एकदाचं गिऱ्हाईक असतं, उधारीला अर्थ नाही.

लोणचं
'शाळा सोडल्याचा दाखला' अमेरिकेत वाचला की त्यांना वाटतं पोराला काढून टाकलं.

न्यूजर्सीकर
म्हणून तर 'स्कूल लीव्हिंग सर्टिफिकेट'ला आपल्याकडचंच नाव ठेवून खाली अनुवादकाची टीप देतात.

आकडेमोड
कराबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत. मी लोकांच्या तोंडात बसलेले जुने क्रमांकच वापरतो.

देणारा १९४जे कलमाखाली १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापतो, एकाकडून वर्षाला ५० हजारांच्या वर गेलं की. नवीन करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, म्हणजे तुमच्यासारख्याला तो सगळा टीडीएस परत मिळतो, पण विवरणपत्र भरलं तरच. तोवर १० टक्के रक्कम अडकलेली असते. महिन्याचं गणित मांडताना ९० टक्केच धरा.

जीएसटी नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाख उलाढालीनंतर. परदेशी गिऱ्हाइकाचे पैसेही त्या २० लाखांत मोजले जातात, हे बरेच जण विसरतात. नोंदणी झाली की निर्यातीसाठी एलयूटी हे हमीपत्र भरा, म्हणजे परदेशी कामावर कर न भरता बिल करता येतं. महाराष्ट्रात स्वतःच्या व्यवसायाचा व्यवसाय कर (पीटीईसी) वेगळा, वर्षाला २५०० रुपये.

खोडरबर
४४एडीए हे कलम राहिलं. निम्मं उत्पन्न नफा दाखवायचा, हिशेब ठेवायची कटकट नाही. सगळे लेखक तेच करतात.

आकडेमोड
सगळे करतात म्हणून बरोबर ठरत नाही. ४४एडीए ठरावीक व्यवसायांना आहे : वकिली, वैद्यकीय, अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, लेखापालन, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट आणि अधिसूचित केलेले काही. त्या अधिसूचित यादीत 'चित्रपट कलाकार' आहेत, आणि त्या व्याख्येत कथा, पटकथा, संवाद आणि गीतलेखक येतात. अनुवादक किंवा कंटेंट लिहिणारा नावाने कुठेही नाही.

खोडरबर
मग त्यांनी धंदेवाल्यांसाठीचं ४४एडी घ्यावं. डिजिटल पैशांवर ६ टक्केच नफा, उलट फायदाच.

आकडेमोड
काही सीए तेच करतात. काही म्हणतात लेखन हा धंदा नाही, बौद्धिक व्यवसाय आहे, म्हणून ४४एडीही लागत नाही आणि रीतसर जमाखर्च ठेवा. वाद खरा आहे. माझं मत : १५-२० लाखांच्या आत असाल तर जमाखर्चच ठेवा. लॅपटॉपवर ४० टक्के घसारा, इंटरनेट, सॉफ्टवेअर, पुस्तकं, प्रवास हे सगळं पावतीनिशी वजा होतं. बारा लाखांच्या आतला कर तसाही शून्य, मग नफा कमी दाखवण्याची धडपड कशाला? पुढे गृहकर्ज मागायला गेलात की कमी दाखवलेला नफा आडवा येतो.

पुस्तकाच्या रॉयल्टीला ८०क्यूक्यूबी खाली ३ लाखांपर्यंत वजावट आहे, पण ती जुन्या करप्रणालीतच. क्रमिक पुस्तकं आणि गाइडांना नाही.

टिंगूमास्तर
किंडलवर स्वतः पुस्तक टाकणाऱ्यांनी एक बघा. अमेरिकेतल्या विक्रीच्या रॉयल्टीवर तिथे ३० टक्के कापतात. खात्यावरच्या कराच्या प्रश्नावलीत (टॅक्स इंटरव्ह्यू) पॅन टाकून भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला तर १५. ते पान घाईत पुढे ढकलू नका. आणि भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर किंडलच्या केडीपी सिलेक्ट या योजनेत जावं लागतं. त्यात ९० दिवस तेच ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. ऑडिओ त्यात अडकत नाही.

अर्धविराम
ऑडिओचा विषय निघालाच तर हक्कांचं बोलू. मराठी लेखक इथे सगळ्यात जास्त गमावतो. मराठीत श्राव्य पुस्तकांना ऐकणारा वर्ग आहे, स्टोरीटेल हे श्राव्य पुस्तकांचं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून तो वाढत गेला. पण जुने करार 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' एवढ्या एका ओळीचे.

कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या बाजूने बरंच आहे. हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षंच, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच. दिलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही तर तो परत येतो, करारात वेगळं म्हटलं नसेल तर. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना व्यापारी वापरात नसलेलं माध्यम त्या करारात येत नाही, त्याचा नावानिशी उल्लेख असल्याशिवाय.

म्हणून करारात प्रत्येक हक्काची स्वतंत्र ओळ हवी : छापील मराठी, ई-पुस्तक, श्राव्य, अनुवाद, नाट्य-चित्र रूपांतर. ज्याचे पैसे मिळतायत तेवढंच द्यायचं. दिवाळी अंकाला कथा देताना ईमेलमध्ये एक वाक्य पुरतं : 'ही कथा २०२६ च्या अंकात एकदा छापण्यापुरती देत आहे, इतर सर्व हक्क माझ्याकडे.' मग तीच कथा पुढे श्राव्यला, संग्रहाला, एकांकिकेला विकता येते.

वेलांटी
आणि पटकथा-संवाद लिहिणार असाल तर कुणाला गोष्ट ऐकवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवा, ऑनलाइन होतं. नोंदणीने हक्क मिळत नाही, तो लिहिता क्षणीच असतो. मिळतो तो तारखेचा पुरावा.

कोरा_कागद
सगळ्यांचे आभार, डोकं भणभणलं. म्हणजे मी आधी अनुवाद धरू, उन्हाळ्यात पतसंस्थांना भेटू, आणि वर्षाला दोन कथा. बरोबर?

अर्धविराम
साधारण बरोबर. फक्त कॅलेंडरवर मांडा. सहकाराचा अहवाल आणि दिवाळी अंक दोन्हींची घाई जून-जुलैत एकाच वेळी येते. म्हणून कथा मार्च-एप्रिलमध्येच लिहून ठेवा, जूनमध्ये फक्त पाठवायची. चरित्राचं काम ऑक्टोबर ते मार्च. अनुवाद बारमाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये निम्म्यावर आणा आणि एजन्सीला ते मे महिन्यातच कळवा, न सांगता नकार दिलात तर फाइली दुसऱ्याकडे जायला लागतात.

४० हजारांसाठी अंदाजे : थेट गिऱ्हाइकाकडून दोन रुपये दराने दिवसाला १२०० शब्द, महिन्याला १८ दिवस, म्हणजे ४३ हजार. टीडीएस वजा जाता ३९. सुरुवातीला एजन्सीचा दर याच्या निम्मा मिळेल, म्हणून चार महिन्यांचा खर्च, १ लाख ६० हजार, आधी बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नका. एका गिऱ्हाइकावर ४० टक्क्यांहून जास्त उत्पन्न टेकलं की लगेच नवीन शोधायला लागा.

खोडरबर
दिवसाला १२०० का? २५०० होतात की.

वेलांटी
होतात, एक दिवस. संमतीपत्रक २५०० च्या वेगाने करून दाखवा आणि मग तपासायला पाठवा.

लोणचं
बरं, माझाही एक गंभीर प्रश्न. पैसे बुडवले तर?

आकडेमोड
म्हणून उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडे नोंद. आधारवर होते, फुकट आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं बनावट. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद झाली की देणाऱ्याला करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. अशा उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. शिवाय मुदतीबाहेर राहिलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी धरावी लागते. त्यांच्या लेखा विभागाला व्याजापेक्षा ही शेवटची गोष्ट जास्त टोचते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात स्मरणपत्र पाठवा.

नोंदणी काम देण्याआधीची हवी. नंतर घेतली तर जुन्या बिलावर वाद होतो. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

लोणचं
४५ दिवस बिलाच्या तारखेपासून?

आकडेमोड
नाही. काम स्वीकारल्याच्या दिवसापासून. फाइल मिळाल्यापासून १५ दिवसांत त्यांनी लेखी हरकत घेतली नाही, तर ज्या दिवशी दिली त्याच दिवशी स्वीकारली असं धरतात. म्हणून फाइल व्हॉट्सॲपवर टाकून मोकळं होऊ नका, ईमेलने पाठवा आणि 'मिळाली' एवढं उत्तर मागून घ्या.